चार टायरची पावती

ईनिडच्या मोटेलात कुचेरा नवरा-बायकोचा तो बारावा दिवस होता. खोली क्रमांक ११८, तळमजला, खिडकीसमोर पार्किंग आणि पार्किंगपलीकडे ८१ नंबरचा रस्ता. हाच रस्ता सरळ उत्तरेला कॅन्सस ओलांडून नेब्रास्कात जातो आणि हेब्रन गावात त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवरून पुढे निघतो. गाडीने पाच तास. पण ओक्लाहोमाची हद्द ओलांडायची त्यांना परवानगी नव्हती.

तसं पाहिलं तर परवानगी दोघांनाही होती. नव्हती ती ओपलला. ओपल बारा दिवसांची होती. तिला जन्म दिलेल्या आईने तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर सही करून तिला यांच्या हवाली केलं होतं. मात्र दत्तक जाणारं मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं तर दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांची लेखी मंजुरी लागते. ती येईपर्यंत मुलासकट जन्माच्या राज्यातच थांबायचं. दत्तक देणाऱ्या एजन्सीच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, "आठ-दहा दिवस धरून चाला." नेब्रास्काची मंजुरी सातव्या दिवशी आली. ओक्लाहोमाची अडकली होती.

डॅरल कुचेरा हेब्रनच्या सहकारी धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळतो. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, फरक लिहायचा आणि शेतकऱ्याला चिठ्ठी द्यायची. एकोणीस वर्षांत त्याच्या चिठ्ठीवर कुणी भांडलं नाही. त्याची बायको जनेल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दोघांच्या पगारात घर चालतं, पण एकतीस हजार डॉलर भरून मूल दत्तक घेता येत नाही. दोनदा माहिती काढून त्यांनी तो विषय बंद केला होता.

तो पुन्हा उघडला डॅरलच्या बहिणीने. लोर्ना गावातल्या लोकांचे कराचे कागद भरून देते. गेल्या उन्हाळ्यात जेवणाच्या टेबलावर तिने पेन्सिल काढली.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, मूल दत्तक घेतलं की सरकार करात सूट देतं? खर्चाच्या पावत्या दाखवायच्या, तेवढी रक्कम करातून थेट उडते. सोळा हजारांच्या आसपास."

"आम्हाला सोळा हजार कर बसतच नाही," डॅरल म्हणाला. "चार बसतो."

"म्हणून चार वर्षं लागतील. उरलेली सूट पुढच्या वर्षी सरकते, पाच वर्षांपर्यंत. दर वर्षी पगारातून कापलेले चार हजार परत घ्यायचे आणि कर्जात भरायचे. बघ बाबा, मूल अर्ध्या किमतीत पडेल."

"लोर्ना!" जनेल म्हणाली.

"अगं, चेष्टा केली. पण हिशेब खरा आहे."

हिशेब खरा होता. लोर्नाने तोच एका पानावर टाइप करून दिला आणि त्या पानावर गावच्या पतपेढीने कर्ज मंजूर केलं. लोर्नाची अट एकच होती. एकही पावती हरवायची नाही. एजन्सीची, वकिलाची, पेट्रोलची, मोटेलची, सगळ्याची. "सूट कर भरतानाच मागायची, पण यादी दर महिन्याला मला पाठव. एप्रिलमध्ये मला तुझ्या खिशातले चुरगळलेले कागद नकोत."

डॅरलला हे दोनदा सांगावं लागलं नाही. मोटेलच्या टेबलावर दुधाच्या बाटल्यांशेजारी एक जाड पाकीट होतं आणि त्यात प्रत्येक रात्रीची पावती तारखेप्रमाणे लावलेली होती. अडकून पडल्याचा खर्चसुद्धा करसवलतीत धरता येत होता. तो रोज सकाळी बारीक अक्षरात यादीत एक ओळ वाढवत असे.

त्या बाराव्या दिवशी, सोमवारी, दुपारी लोर्नाचा फोन आला. ओपल जनेलच्या खांद्यावर होती. डॅरलने फोन स्पीकरवर टाकला.

"यादी मस्त आहे," लोर्ना म्हणाली. "माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी तुझ्याकडे शिकवणी लावावी. फक्त एक सांग. अठरा नोव्हेंबर, चार टायर, फिटिंगसह चारशे शहाऐंशी. तुझ्या पिकअपला हा साइज बसत नाही."

"ते रेलिनच्या गाडीचे."



"रेलिन म्हणजे बाळाची आई?"

"हो. आईच्या खर्चाच्या रकान्यात टाकलेत."

"ते दिसतंय मला. एजन्सीतून दिलेस का?"

"नाही. दुकानात दिले. कार्डाने."

"डॅरल, हे कुणाला माहीत आहे?"

जनेलने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. टायरचं तिला माहीत होतं. ती त्या वेळी तिथेच होती.

अठरा नोव्हेंबरला ते रेलिनला पहिल्यांदा भेटले. एजन्सीच्या बाई सोबत होत्या. पॅनकेकच्या हॉटेलात तासभर गप्पा झाल्या. रेलिन तेवीस वर्षांची, वृद्धाश्रमात मदतनीस. आधीचा चार वर्षांचा मुलगा तिच्याजवळ होता आणि दुसरं मूल आपल्याला झेपणार नाही हे ती कुठेही न रडता, कामाची वेळ सांगावी तसं सांगत होती. निघताना एजन्सीच्या बाई आधी गेल्या. रेलिन मुलाला गाडीत बसवत होती तेव्हा डॅरलची नजर टायरांवर गेली. त्याने खिशातलं एक सेंटचं नाणं काढून टायरच्या खाचेत उभं धरलं. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं खाचेत बुडायला हवं. इथे अख्खा लिंकन बाहेर होता.

"यावर तू वृद्धाश्रमात जातेस-येतेस?" त्याने विचारलं.

"यावरच जाते. पंखांवर जायचं म्हटलं तर विमा महाग पडतो."

"रात्रपाळीला?"

"मला कुणाकडून फुकट काही नकोय हं," रेलिन म्हणाली.

जनेल म्हणाली होती, "फुकट नाही गं. आमच्याकडे थंडीत अशा टायरांवर कुणी शेजारच्या माणसालाही जाऊ देत नाही. मागे तुझा मुलगा बसतो."

मुलाचं नाव निघाल्यावर रेलिनने गाडीची किल्ली पुढे केली. अर्ध्या तासात टायर बसले. हेब्रनला परतताना दोघं त्याबद्दल चार वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. दुसऱ्याची गाडी खड्ड्यातून काढून द्यावी तसं ते होतं. पैसे दिले असं त्यांना वाटलंच नव्हतं. डॅरलने पावती मात्र ठेवली.

"कुणाला माहीत आहे म्हणून विचारतेय," लोर्ना पुन्हा म्हणाली. "कारण मुलाच्या आईला द्यायचा प्रत्येक डॉलर वकिलामार्फत जातो. बाहेरून काही दिलं की त्याला तिकडे मूल विकत घेणं म्हणतात. करातल्या सुटीचं सोड, बेकायदा खर्च त्यात धरतच नाहीत. मला भीती दुसरीच आहे. ही ओळ पुसून टाक आणि पावती फाड."

"वकिलीणबाईंनी शुक्रवारी प्रतिज्ञापत्रासाठी सगळ्या खर्चाची यादी मागितली," डॅरल म्हणाला. "मी हीच पाठवली."

जनेल बिछान्यावर बसली.

बाळ ताब्यात घेताना दोघांनी एका छापील कागदावर शपथेवर सही केली होती. एजन्सीबाहेर आईला काहीही दिलेलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. सही करताना टायर दोघांच्याही मनात आले नव्हते. आता वकिलीणबाईंच्या टेबलावर त्यांच्याच सहीचे दोन कागद होते. एक म्हणत होता काही दिलं नाही, दुसरा म्हणत होता चारशे शहाऐंशी डॉलर दिले.

वकिलीणबाई, मिसेस प्रॉक्टर, संध्याकाळी पाचला फोनवर आल्या. आवाज चढलेला नव्हता.

"मिस्टर कुचेरा, लोक माझ्यापासून पैसे लपवतात. न विचारता पावती जोडणारे तुम्ही पहिलेच."

"ती ओळ काढून दुसरी यादी पाठवली तर?" जनेलने विचारलं.

"पहिली मी वाचली आहे. वाचलेलं मला विसरता येत नाही. मी न्यायाधीशांना कळवलंय. गुरुवारी सुनावणी आहे. रेलिनला शपथेवर विचारतील, या टायरांमुळे तू मूल दिलंस का."

"ती नाही म्हणेल. तिने आधीच ठरवलं होतं."

"बहुतेक म्हणेल. बहुतेक हे मिटेल. पण न्यायाधीशांचं समाधान झालं नाही तर निकाल लागेपर्यंत बाळ दुसऱ्या घरी ठेवतील. आणि नीट ऐका, गुरुवारपर्यंत रेलिनशी बोलायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. तुम्ही तिला पढवलंत असं कुणी म्हणायला नको. आणि राज्य सोडायचं नाही."

फोन बंद झाला. जनेलने ओपलला पाळण्यात ठेवलं. तो मोटेलवाल्यांनी दिलेला घडीचा पाळणा होता, त्याचं एक चाक नीट बसत नव्हतं.

"तू विचारायचंस तरी," ती म्हणाली. "पाठवण्याआधी एकदा मला विचारायचंस."

"त्यांनी सगळा खर्च मागितला होता."

"सगळा म्हणजे त्यांना हवा तेवढा! माणसं काट्यावर उभी करून तोलतोस तू. हे धान्य नाही, डॅरल."

"मग काय करायला हवं होतं? खोटं लिहायचं?"

"विसरायचं होतं. लोक विसरतात. सगळं जग विसरतं."

तो पाकीट उचलून ठेवायला गेला, तर ती म्हणाली, "हात नको लावू त्या पाकिटाला, नाहीतर मी ते कपडे धुवायच्या मशिनमध्ये टाकेन."

त्याने हात मागे घेतला. मग बाळ रडायला लागलं आणि दोघांनाही काम मिळालं.

मंगळवारी सकाळी डॅरल अंघोळ करून बाहेर आला तेव्हा पाळणा रिकामा होता. पिकअपचं इंजिन चालू होतं. जनेल चालकाच्या जागी होती, मागे बाळाची सीट पट्ट्यांनी आवळलेली. तो ओल्या केसांनी धावत गेला आणि शेजारी बसला. गाडी ८१ वर आली, उत्तरेकडे.

गोदामं मागे पडली. ट्रॅक्टरचं दुकान आणि पाण्याची टाकीही गेली. शहराचा शेवटचा सिग्नल हिरवा होता. त्यापुढे सपाट गव्हाची शेतं आणि सरळ डांबर. हद्द पन्नासएक मैलांवर.

"कुणी अडवत नाही तिथे," जनेल म्हणाली. "एक पाटी आहे फक्त. कॅन्ससमध्ये स्वागत असो म्हणून."

"माहीत आहे."

"आपण जाऊन तिच्या खोलीत तिला निजवू शकतो. आज दुपारी."

"हो."

"तू नको म्हण ना."

"मी काहीच म्हणत नाही."

ती आणखी सहा मैल गेली. मग एका शेताच्या फाटकापाशी गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसली. मागे ओपल झोपेत चोखल्यासारखा आवाज करत होती. एक गुरांचा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने पिकअप हलली. जनेलने गाडी वळवली. परतताना तो शेवटचा सिग्नल लाल होता आणि तिथे त्यांना बराच वेळ थांबावं लागलं.

"मोटेलची आजची पावती घ्यायची राहिली," ती म्हणाली.

त्याला ती हसते आहे की नाही ते कळलं नाही.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास रेलिनची गाडी पार्किंगमध्ये आली. जनेलने पडदा बाजूला केला आणि पुन्हा अर्धा ओढला. गाडी सरळ ११८ समोर थांबली. रेलिनबरोबर मळकट जाकीट घातलेला एक माणूस होता, तिचा आतेभाऊ असावा. त्याने डिकी उघडली. मागच्या सीटवरून आणि डिकीतून एकेक करत चार टायर निघाले. त्याने ते खोलीच्या दारापुढच्या फूटपाथवर एकावर एक रचले. टायर जवळजवळ नवे होते, कडेची निळी रेघसुद्धा पूर्ण गेली नव्हती.

डॅरल मोज्यांवरच बाहेर गेला.

"माझ्याशी बोलू नका," रेलिन म्हणाली. "वकिलीणबाईंनी बजावलंय. मीही तुमच्याशी बोलत नाहीये. मी टायर ठेवतेय."

"रेलिन, अगं राहू दे ते. शनिवारी बर्फ सांगितलाय."

"उद्या मला शपथ घालून विचारणार, काय घेतलंस म्हणून. मला 'काही नाही' म्हणायचंय." तिने जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली. "आणि ते खरं असायला हवं."

"तू तेव्हा घेतलेस हे त्यांना माहीत आहे. मीच सांगितलं."

"ऐकलं मी. देवा, असा माणूस पाहिला नाही." आतेभाऊ खाली बघत हसला. ती हसली नाही. "मग मी म्हणेन, घेतले होते, परत दिले. चार टायरांसाठी मी तिला दिलं असं कुठल्याही कागदावर राहायला नकोय मला. ती मोठी होऊन कागद मागवेल. मागवतात मुलं. तेव्हा तिने हे वाचायचं?"

डॅरलने तिच्या गाडीच्या चाकांकडे पाहिलं. आतेभावाच्या अंगणात पडलेले कुठलेतरी चार टायर होते, दोन एका बनावटीचे आणि दोन दुसऱ्या बनावटीचे. नाणं काढायची गरज नव्हती.

"रिम माझ्याच आहेत, त्या ठेवल्यात," ती म्हणाली. "शोधू नका."

जाताना तिने दाराकडे पाहिलं. खिडकीकडे नाही. खिडकीत जनेल बाळाला घेऊन उभी होती, पडद्यामागे, आणि पडदा ओढावा की सोडावा हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. गाडी हळू मागे आली, वळली आणि ८१ वर दक्षिणेला गेली.

"बोललास तिच्याशी," डॅरल आत आल्यावर जनेल म्हणाली.

"हो. कळवायला लागेल प्रॉक्टरबाईंना."

या वेळी ती भांडली नाही. "कळव," म्हणाली.

त्याने फोन लावून सगळं सांगितलं, मोज्यांसकट. मिसेस प्रॉक्टर बराच वेळ लिहीत होत्या.

गुरुवारची सुनावणी अकरा मिनिटं चालली. मिसेस प्रॉक्टरनी नंतर फोनवर सांगितलं त्यानुसार न्यायाधीशांनी रेलिनला विचारलं की टायर मिळाले नसते तर तिने वेगळं काही ठरवलं असतं का. तिने सांगितलं, "साहेब, टायर आता माझ्याकडे नाहीत आणि मी तेच सांगतेय जे आधी सांगत होते." न्यायाधीशांनी कुचेरांच्या सुधारलेल्या प्रतिज्ञापत्रावर शेरा लिहिला आणि कागद पुढे पाठवला. शुक्रवारी दुपारी अडीच वाजता ओक्लाहोमाची मंजुरी आली. सोळावा दिवस होता.

सामान भरायला वीस मिनिटं लागली. टायर राहिले. ते फूटपाथवर टाकून जाता येईना, म्हणून डॅरलने ते पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवले आणि दोरीने बांधले. मग ते बसवून घेतलेल्या दुकानापुढे गाडी उभी करून त्याने मिसेस प्रॉक्टरना फोन केला.

"दुकानदाराकडे ठेवून जाऊ का? ती आली की त्याने बसवून द्यायचे. आमचं नाव नको."

"मिस्टर कुचेरा."

"शनिवारी बर्फ आहे, बाई."

"दत्तकाचा अंतिम हुकूम व्हायचा आहे. तो जुलैत. तोपर्यंत तुमच्याकडून तिला काहीही जायचं नाही. नावाने नाही, बिननावाने नाही, दुकानदारामार्फत नाही. हे सगळं परत उघडायचं आहे का तुम्हाला?"

"नाही."

"हुकमानंतर तुम्ही कुणाला काय भेट देता हे कुणी विचारणार नाही."

"जुलैनंतर," डॅरल म्हणाला.

"जुलैनंतर. नीट घरी जा. अभिनंदन."

मागच्या सीटवर बाळाशेजारी बसलेल्या जनेलने सगळं ऐकलं होतं. "जुलैत काय करायचेत तिला बर्फाचे टायर?" ती म्हणाली. कुणाला विचारलं नव्हतं.

शेवटच्या सिग्नलपुढे लोर्नाचा फोन आला. ती आनंदाने ओरडतच होती. "निघालात? शाबास! ऐक, मोटेल सगळं धरलंय, पेट्रोलही. टायरची ओळ मी काढली. यादी आता स्वच्छ आहे."

"पावती माझ्याकडे आहे."

"कशाला ठेवलीस? तिचा आता काही उपयोग नाही."

"माहीत आहे," डॅरल म्हणाला.

जनेलने मंगळवारी गाडी वळवली होती ते फाटक मागे गेलं. पुढे ती पाटी आली, कॅन्ससमध्ये स्वागत करणारी, एका बाजूला जरा वाकलेली. ओपल झोपली होती. दोघांनी ठरवलं होतं की पाटीपाशी थांबून तिचा फोटो काढायचा. गाडी थांबली नाही आणि कुणी आठवणही केली नाही.

बर्फ शनिवारची वाट न पाहता आला. कॉनकॉर्डियाच्या अलीकडे काचेवर बारीक टकटक सुरू झाली. पडताच गोठणारा पाऊस होता. समोरच्या गाड्यांचे दिवे मंदावले. एक छोटी गाडी रस्त्याकडेच्या चरात नाक खुपसून उभी होती. जनेलने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"निळी होती," ती म्हणाली. "तिची पांढरी आहे."

"तिची दक्षिणेला आहे, जनेल. इथे नाही."

"तिकडेही हेच पडतंय. फोनवर दाखवतंय. तिची पाळी सातला सुरू होते."

डॅरलने वेग तीसवर आणला. आरशात हौद्यातले चार टायर दिसत होते, त्यांच्या खोल खाचांमधून पांढरं साचायला लागलं होतं. त्यांच्या स्वतःच्या पिकअपचे टायर गेल्या शरद ऋतूत घातलेले, चांगले होते. हेब्रनपर्यंत गाडी कुठेही घसरली नाही.